पेन गळला तो बोरघाटात

इंदूरच्या एका वाचक भगिनींच्या पत्राचा सारांश:

"मला शाईच्या पेनांचा लहानपणापासून नाद आहे. घरात पंधरा-वीस पेन आहेत. त्यातला आजोबांचा काळा एबोनाइटचा (म्हणजे कडक रबराचा), ड्रॉपरनं शाई भरायचा पेन माझ्या सगळ्यात जिवाचा. मुलगी नऊ वर्षांची आहे, चौथीत जाते. शाळा आणि क्लासच्या धावपळीत निवांतपणा मिळत नाही, म्हणून मे महिन्यात भाच्याच्या मुंजीला पुण्याला जाताना तो पेन आणि एक कोरी वही तिच्या हातात दिली. रोज एक पान लिहायचं असं ठरलं. गाडीत तिनं चार ओळी लिहिल्या. सकाळी लोणावळ्याजवळ पाहिलं तर पिशवीत पेन गळून तिचा मुंजीत घालायचा फ्रॉक निळा झाला होता. टोपण नीट लावलं नाहीस म्हणून मी तिला सगळ्यांसमोर रागावले. ती लावलं होतं, लावलं होतं म्हणत राहिली. तेव्हापासून शाईच्या पेनाला हात लावत नाही. यजमान म्हणतात, तुझी आवड तिच्या माथी मारू नकोस. सासूबाईंचा जीव कपड्यांसाठी हळहळतो. नाताळच्या सुट्टीत पुन्हा पुण्याला जायचं आहे, जाताना रेल्वे आणि येताना विमान. पुन्हा प्रयत्न करावा का? तिचं अक्षरही त्यानं सुधारेल असं वाटतं. कोणता पेन द्यावा आणि प्रवासात तो गळू नये म्हणून काय करावं?"

ताई,

आधी त्या फ्रॉकबद्दल. तुमची मुलगी खरं बोलत होती, असं मानायला भक्कम कारण आहे.

ड्रॉपरनं भरायच्या पेनात शाईसाठी वेगळी नळी नसते. अख्खी दांडी हीच टाकी. तीन मिलिलिटरच्या आसपास शाई त्यात मावते. ती निम्मी झाली की उरलेल्या दीड मिलिलिटरमध्ये हवा येते, आणि सगळा घोळ ती हवा करते. आता तुमची गाडी कुठून कुठे गेली ते पाहा. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर. रात्रीतून गाडी रतलाम, वडोदरा करत माळव्याचं पठार उतरते आणि वसई-कल्याणकडे जवळजवळ समुद्राच्या पातळीवर येते. उतरताना बाहेरचा दाब वाढत जातो, निबेच्या वाटेनं थोडी हवा पेनात शिरते, कुणाला काही कळत नाही. मग येतं कर्जत. तिथून लोणावळ्यापर्यंत बोरघाटात गाडी पुन्हा सुमारे साडेपाचशे मीटर चढते. दर शंभर मीटरला हवेचा दाब एक टक्क्याहून थोडा जास्त उतरतो, म्हणजे या चढणीत सहा टक्क्यांच्या वर. आतली दीड मिलिलिटर हवा तेवढीच फुगते आणि ०.१ मिलिलिटर शाई बाहेर ढकलते. हे झाले दोन थेंब. त्यात मे महिना. ए.सी. डब्यात चोवीस अंशांवर असलेली पिशवी खिडकीतल्या उन्हात पंधरा अंशांनी तापली, तर हवा आणखी पाच टक्के फुगते, कारण दर तीन अंशांना साधारण एक टक्का असा तिचा हिशेब आहे. आणखी दीड थेंब. फ्रॉकची वाट लावायला साडेतीन थेंब पुष्कळ होतात.

आणि टोपण लावलेलं असलं तरी ही शाई अडत नाही. ती आधी टोपणात साचते. जुन्या एबोनाइटच्या बऱ्याच पेनांच्या टोपणाला हवा जायला बारीकसं भोक असतं. पेन पिशवीत आडवा किंवा उलटा पडला की तिथून शाई बाहेर येते. तुमच्या पेनाचं टोपण उजेडासमोर धरून बघा, भोक सापडण्याची शक्यता बरीच आहे.

म्हणून डिसेंबरच्या प्रवासाची पहिली तयारी पेनाची नाही. मुलीला जवळ बसवून सांगा की टोपण तू लावलं होतंस, पेन घाटामुळे गळला, अर्धा रिकामा पेन तुझ्या हातात मी दिला ही माझी चूक. रागावलात सगळ्यांसमोर, तर हेही आजीसमोर, बाबांसमोर सांगा. नऊ वर्षांच्या मुलीला शाईचा डाग फार काळ लक्षात राहत नाही. आपण खरं बोललो आणि कुणी मानलं नाही, हे मात्र राहतं. तिनं पेनाला हात न लावणं हे पेनाबद्दल नसेलही.

आता यजमानांच्या बोलण्याकडे वळू. त्यात तथ्य आहे, पण त्यांना वाटतं त्या जागी नाही. आवड दाखवण्यात काहीच गैर नाही. मुलांना आवडी कळतात त्या घरातल्या मोठ्या माणसांना रमलेलं पाहूनच. तुमच्या पत्रात मात्र आवडीच्या पाठोपाठ तीन गोष्टी आल्यात: आजोबांचा पेन, रोज एक पान आणि अक्षर सुधारणं. या तिन्हींचा भार त्या चार ओळींवर पडला.

आजोबांचा पेन तुम्हाला प्रिय आहे कारण आजोबा तुम्हाला ठाऊक होते. तिच्यासाठी ती फक्त 'पडला तर आई रडेल' अशी वस्तू आहे. अशी वस्तू हातात घेतली की हात आखडतो, आणि आखडलेला हात निब दाबतो. तो पेन प्रवासाला नेऊच नका. घरी, रविवारी सकाळी, स्टीलच्या ताटात जुना कपडा अंथरून तिच्यासोबत तो धुवा आणि भरा. ड्रॉपर तिला चालवू द्या. आट्यांवर सिलिकॉन ग्रीसचा मुगाएवढा ठिपका बोटानं फिरवायला सांगा. व्हॅसलीन नको, त्यानं रबराच्या चकत्या फुगतात. हे काम मुलांना लिहिण्याहूनही जास्त आवडतं. तुमच्या मुलीला पेन लिहिण्यासाठी न आवडता उघडण्यासाठी आवडला, तर तीही पेनाचीच आवड आहे. आपल्याला जे आवडतं तेच तिला आवडायला हवं, असं थोडं गृहीत धरलं गेलंय का, हे स्वतःला विचारून पाहा.

रोज एक पान हा गृहपाठ आहे. सुट्टीत गृहपाठ देणारा कुणालाच आवडत नाही.

आणि अक्षराचं. शाईचा पेन आपण होऊन अक्षर सुधारत नाही. तो एवढंच करतो की दाबून लिहिण्याची गरज काढून घेतो. बॉलपेनात गोळी फिरवायला दाब लागतो. शाईच्या पेनात केशाकर्षणानं शाई आपोआप कागदावर येते, निब नुसती टेकली की पुरतं. त्यामुळे बोटं कमी दुखतात आणि वेग थोडा मंदावतो. त्याचा अक्षराला उपयोग होईलही, पण सहलीत "वेलांटी बघ कशी काढलीस" हे वाक्य एकदा जरी आलं, तरी पेन पुन्हा दप्तराच्या तळाशी जाईल. या सुट्टीपुरतं अक्षराबद्दल एक शब्द बोलायचा नाही, असं मनाशी ठरवा. दाब तपासायचा असेल तर तिच्या नकळत तपासता येतो: पान उलटून खालच्या कोऱ्या पानावर बोट फिरवा. चर लागली तर ती दाबतेय. त्यावर उपाय बोलण्याचा नाही, पेन थोडा मागे धरायला लावण्याचा आहे. निबेपासून दोन-अडीच बोटं मागे धरलेला पेन दाबताच येत नाही.

तर पेन कोणता?

तिचा स्वतःचा, तिनं दुकानात जाऊन निवडलेला, आणि प्रवासासाठी कार्ट्रिज (शाई भरलेली तयार नळी) किंवा कन्व्हर्टरचाच (मूठ फिरवून शाई ओढून घेणारी नळी). छोट्या आंतरराष्ट्रीय मापाच्या कार्ट्रिजमध्ये पाऊण मिलिलिटरच्या आसपास शाई असते. ती निम्मी झाली तरी हवा जेमतेम ०.४ मिलिलिटर. मघाचाच बोरघाट लावला तर बाहेर येते अर्ध्या थेंबाहून कमी शाई, आणि ती जीभ सहज धरून ठेवते. जीभ म्हणजे निबेखालचा तो खाचांचा काळा तुकडा. त्या बारीक खाचा शोभेच्या नाहीत. मधल्या चरीतून शाई खाली येते, तिथूनच हवा वर जाते, आणि जास्तीची शाई आडव्या खाचांत थांबते. लुईस वॉटरमननं १८८४ साली पेटंट घेतलं ते शाई खाली आणि हवा वर नेणाऱ्या अशा चरींच्या जिभेचं. मुलीला भिंगातून दाखवा, ती तासभर हलणार नाही.

निब स्टीलची आणि बारीक घ्या. रोमन अक्षरांना जाड निब खुलते, पण देवनागरीत 'क्ष', 'ज्ञ', 'ष्ट्र' लहान आकारात लिहिताना जाड निबेनं पोकळ्या भरून जातात, आणि मुलाला वाटतं आपलंच अक्षर घाण आहे. जपानी कंपन्यांची 'एफ' (फाइन, म्हणजे बारीक) निब युरोपीय 'एफ'पेक्षा बारीक असते, हे घेताना लक्षात ठेवा. पायलट कंपनीचा काकुनो मुलांसाठीच काढलेला आहे. पकड तिकोनी आणि निबेवर हसरा चेहरा कोरलेला. चेहरा वर दिसला की पेन बरोबर धरलाय, एवढं कळायला मोठ्या माणसाची गरज लागत नाही. प्लॅटिनम कंपनीचा प्रेपी त्याहून स्वस्त. दांडी पारदर्शक असल्यानं शाई किती उरली ते दिसतं, आणि टोपणातल्या आतल्या झाकणामुळे महिनोन्‌महिने वाळत नाही. त्याची खोड एकच, टोपणाच्या काठाला कालांतरानं चीर जाते. इंदुरात राजवाड्याजवळच्या किंवा खजुरी बाजारातल्या वह्या-पुस्तकांच्या दुकानांत साधे शाळकरी कार्ट्रिज पेनही मिळतात, तेही चालतील. फक्त घेण्याआधी दुकानातच पाण्यात निब बुडवून चार रेघा ओढून पाहा. कोरड्या खरखरीत निबेनं पहिलं प्रेम होत नाही.

एक सावधगिरी: पायलट, प्लॅटिनम आणि लामी यांच्या कार्ट्रिज एकमेकांना बसत नाहीत. पेनाबरोबर त्याच कंपनीच्या चार कार्ट्रिज घेऊन ठेवा. पुण्यात मिळतील, पण मिळेपर्यंत मुलीचा उत्साह थांबत नाही. रिकामी कार्ट्रिज फेकायची नाही. बोथट सुईच्या सिरिंजनं ती चार-पाच वेळा पुन्हा भरता येते. तोंड सैल झालं की मात्र सोडून द्या, सैल तोंडाची कार्ट्रिज हमखास गळते.

शाई धुता येणारी निळी. काळी कायमस्वरूपी शाई, चमकीची शाई, लाल आणि गुलाबी, यातलं काहीही प्रवासात नको. लाल रंग कपड्यातून सगळ्यात उशिरा जातो. आणि एक चूक बऱ्याच घरांत होते ती सांगायलाच हवी: चित्रकलेची वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक पेनात भरायची नाही. बाटली तशीच, दुकान तेच, बऱ्याचदा कंपनीही तीच. पण ती शाई वाळली की पाण्यानं सुटत नाही आणि जीभ कायमची बुजते. बाटलीवर 'फाउंटन पेन इंक' असं लिहिलेलं असलं तरच घ्या.

शाईची बाटली घरीच राहू दे. गाडीत तिला एक गोष्ट सांगता येईल. कॅमलिनवाल्या दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत शाईचा धंदा सुरू केला तो 'हॉर्स ब्रँड' नावाच्या शाईच्या पुडीनं आणि गोळ्यांनी. गोळी पाण्यात विरघळवली की दौत भरली. सांडायची भीतीच नाही. पुण्यात आजोबांच्या वयाचं कुणी असेल तर त्यांना विचारायला लावा, दप्तरात दौत कशी नेत होते म्हणून. मुंजीतल्या फ्रॉकसारख्या शंभर कहाण्या निघतील, आणि शाई सांडणं हा फक्त आपल्याच नशिबी आलेला अपराध नाही, हे तिला कळेल.

डिसेंबरच्या आधी एक छोटी परीक्षा घ्या असं सुचवेन. पेनाची परीक्षा, मुलीची नाही. एखाद्या रविवारी नर्मदाकाठच्या महेश्वरला जा. महूवरून जाम दरवाज्याच्या रस्त्यानं, सुमारे नव्वद किलोमीटर. ही सहल पेन तपासायला उत्तम आहे, कारण माळव्याच्या पठारावरून निमाडात उतरताना आपण चारशे मीटर खाली येतो आणि परतताना तेवढेच चढतो. पेन गळायचा असेल तर जाताना गळणार नाही, येताना गळेल. मुलीला आधीच सांगा की येताना घाट चढून झाला की टोपण उघडून आपण बघणार आहोत. निबेजवळ पांढरा टिश्यू टेकवायचा आणि डाग किती मोठा पडतो ते पेन्सिलीनं गोल करून वहीत चिकटवायचं. मग अर्धा भरलेला आणि पूर्ण भरलेला, असे दोन पेन नेऊन तुलना करता येईल. मे महिन्यात जे संकट होतं, तो आता तिचा प्रयोग झाला.

नदीच्या घाटाच्या पायऱ्यांवर बसून तिनं दोन ओळी लिहिल्या तर आनंद, नाही लिहिल्या तरी नर्मदा आहेच. किल्ल्यात गेलात तर सांगा की अहिल्याबाईंच्या काळातला मराठी पत्रव्यवहार मोडीत चाले आणि बोरूनं लिहिला जाई. बोरू तिरका कापायचा, दौतीत बुडवायचा, चार-सहा शब्द लिहायचे, पुन्हा बुडवायचा. बोरू घरी करूनही बघता येतो, पण चाकू तुम्ही धरा. एकदा बोरूनं अर्धं पान लिहिलं की शाई स्वतःच्या पोटात घेऊन फिरणारा पेन किती नवलाचा आहे, ते न सांगता समजतं.

आता रेल्वे. चालत्या गाडीत शाईच्या पेनानं लिहायला लावू नका. रुळांच्या सांध्यावर हिसका बसतो, निब कागदात रुतते आणि तिचे दोन दात एकमेकांपासून फाकतात. फाकलेली निब शाई सोडते तरी भसाभसा किंवा मुळीच नाही. चालत्या गाडीत पेन्सिल, थांबलेल्या गाडीत पेन. रतलामला गाडी थांबते, वडोदऱ्याला थांबते. प्रत्येक थांब्यावर एक ओळ: स्टेशनचं नाव, घड्याळातली वेळ आणि फलाटावर दिसलेली एक वस्तू. एवढंच. तेही तिला हवं असेल तर. रात्री झोपताना पेन कडक कंपासपेटीत, निब वर, आणि ती पेटी झिपच्या प्लास्टिक पिशवीत. पिशवी बर्थजवळच्या जाळीत उभी ठेवा, कपड्यांच्या बॅगेत नाही. निब वर का? हवा हलकी, ती वरच्या बाजूला निबेपाशी जाऊन थांबते. फुगली तर हवाच बाहेर पडते, शाई तळाशी राहते. निब खाली असेल तर हवेच्या आधी शाई बाहेर.

कर्जतला बहुतेक गाड्यांना घाट चढायला मागून जादा इंजिनं जोडतात. जोडताना छोटासा धक्का बसतो. तो धक्का बसला की पेन उभा आहे का ते पाहायचं, हे काम तिच्याकडे सोपवा. लोणावळा गेलं की टोपण उघडायचं, हातात टिश्यू घेऊन, निब वर ठेवून. आत थेंब दिसला तर नुसता टिपायचा. पेन झटकायचा नाही, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. झटकल्यानं समोरच्या काकांचा सदरा तर जातोच, शिवाय आणखी शाई जिभेत ओढली जाते. निब कोरडी वाटली तर ओल्या टिश्यूत मिनिटभर गुंडाळून ठेवा, किंवा कन्व्हर्टरची मूठ अगदी पाव फेरा फिरवा.

विमानाचा हिशेब घाटाहून कडक आहे. विमान चढलं की केबिनमधला दाब सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेइतका होतो. पुणे आणि इंदूर दोन्ही साडेपाचशे मीटरच्या आसपास, तिथपासून मोजलं तर पेनातली हवा पाव पटीपर्यंत फुगू शकते. ड्रॉपरच्या अर्ध्या पेनातून सात-आठ थेंब बाहेर, अर्ध्या कार्ट्रिजमधून दोन. म्हणून विमानात पेन एकतर पूर्ण भरलेला किंवा पूर्ण रिकामा आणि धुतलेला. निघायच्या सकाळी नवी कार्ट्रिज लावा. नव्या कार्ट्रिजमध्ये हवा जवळजवळ नसतेच, त्यामुळे फुगायलाही काही नसतं. विमान वर चढत असताना पेन उभा, बंद. पट्ट्याचा दिवा विझला की पहिल्यांदा उघडताना टिश्यू. उतरताना आतली हवा आक्रसते, तेव्हा गळायचं भय नाही.

एवढं करूनही डाग पडला तर? पहिल्या मिनिटात चोळायचं नाही. कोरड्या टिश्यूनं वरून दाबून शाई शोषायची, जागा बदलत. मग थंड पाणी, डागाच्या मागच्या बाजूनं, म्हणजे शाई जिकडून आली तिकडेच परत जाते. मग साबण. गरम पाणी आणि इस्त्री डाग पूर्ण जाईपर्यंत वर्ज्य. आणि धुण्याचं काम, ताई, तुम्हीच करा, मुलीला शेजारी घेऊन. सासूबाईंची हळहळ कपड्यांसाठी असेल, पण त्यात डाग काढत कोण बसणार ही काळजीही असते. ते काम आपल्याकडे घेतलंत की त्यांचा विरोध बराच मवाळ होईल. प्रवासात मुलीला गडद रंगाचे कपडे घाला, हा उपाय इतका सोपा आहे की तो कुणी करत नाही.

पेन पडून निब वाकली, तर तिथल्या तिथे सरळ करायला जाऊ नका. हातानं वाकवलेली निब बहुधा मोडते. पेन बंद करून ठेवा, "घरी जाऊन बघू" म्हणा आणि विषय बदला. स्वस्त पेनाचा हा सगळ्यात मोठा फायदा, तुमचा चेहरा पडत नाही. आणि मुलं पेनाकडे कमी बघतात, आईच्या चेहऱ्याकडे जास्त.

पुण्यात दुपारी कंटाळा आला तर एक खेळ. टीपकागदाची किंवा पांढऱ्या टिश्यूची बोटभर रुंद पट्टी कापा, खालच्या टोकापासून दोन सेंटिमीटरवर काळ्या, धुता येणाऱ्या शाईचा ठिपका द्या, आणि ठिपका बुडणार नाही इतकंच टोक पेल्यातल्या पाण्यात ठेवा. पाणी वर चढताना शाईतले रंग वेगवेगळ्या उंचीवर थांबतात. काळ्यातून निळा, जांभळा, कधी पिवळा निघतो. दोन कंपन्यांच्या काळ्या शाया शेजारी ठेवल्या तर दोघींचं पोट वेगळं निघतं. भाच्यालाही बोलवा. पट्ट्या वाळल्या की त्या वहीत चिकटवल्या जातील, आणि त्यांच्याखाली कोणती शाई ते लिहायला पेन लागेलच.

वहीबद्दल थोडं. खडबडीत, पातळ कागदावर शाई फुटते, अक्षराला केस येतात आणि मागे उमटतं. लहान मुलाला तो स्वतःचा दोष वाटतो. वही घेताना शेवटच्या पानावर एक शब्द लिहून अर्धा मिनिट थांबा आणि पान उलटा. मागे ठिपके दिसले तर ती वही पेन्सिलीसाठी. लहान आकाराची, शिवलेली, सपाट उघडणारी वही मांडीवर बरी राहते.

आणि तिला लिहायला खरंखुरं कारण हवं असेल, तर पुण्याहून इंदूरला आजीला पोस्टकार्ड पाठवू द्या. पन्नास पैशांचं कार्ड, त्यात पाच-सहा ओळींहून जास्त मावत नाही, म्हणून पान भरण्याचं दडपण नाही. ज्या आजीला कपड्यांचं दुःख झालं तिलाच निळ्या शाईत पत्र येईल. पिनकोडच्या सहा चौकोनांवर जरा थांबा. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि ती आखली श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसानं, ते संस्कृत कवीही होते. इंदूरचा पिन ४५२नं सुरू होतो आणि पुण्याचा ४११नं. पहिला आकडा दोन्हीकडे ४ का, ते तिला शोधू द्या. मजकूर तिच्या पेनानं, कितीही वाकडा असला तरी. पत्ता मात्र बॉलपेननं लिहायला सांगा, कारण धुता येणारी शाई पाण्याचा एक शिंतोडा पडला तरी वाहून जाते, आणि मग आजीला पत्र पोचणार नाही.